ठेवणीतली दांडी

गाडी बघायला आलेला माणूस पहिल्यांदा टायरला लाथ मारतो. का मारतो, हे त्याला माहीत नसतं, त्याच्या बापालाही माहीत नव्हतं. पण लाथ मारून झाली की तो मान तिरकी करून जरा वेळ थांबतो, जणू टायरच्या आतून कुणीतरी 'कोण हाय?' म्हणून विचारणार आहे. मग माझ्याकडं वळून म्हणतो, "टायर बरं हाय." झालं, इथून माझं काम सुरू.

मालवाहू पिकअप विकण्यात माझं आयुष्य गेलं. पिकअप म्हणजे ट्रकचं धाकटं भावंड. पुढं तिघांपुरती केबिन, मागं उघडा हौदा. शोरूम कोल्हापूरच्या बाहेर हायवेला, आणि घर शिवाजी पेठेत. शोरूममध्ये मला सगळे तात्या म्हणायचे, पगार देणारा मालकसुद्धा. मी विकलेल्या गाड्या एकीमागं एक उभ्या केल्या तर रंकाळ्याला वेढा पडेल आणि उरलेल्या गाड्यांमुळं गावाला दूध पोचायचं नाही. एकदा एक पावणा आत नुसता पत्ता विचारायला आला होता. दुपारी त्यानं चहा घेतला आणि संध्याकाळी पिकअप घेऊन गेला. तो पत्ता त्याला अजून सापडलेला नाही, पण आता निदान गाडीतनं शोधतोय. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी मला भेटायला येऊ नये. त्यांच्याही दारात गाडी उभी राहील.

माझ्या सगळ्या नोकरीत एका प्रश्नानं माझं डोकं पांढरं केलं. गाडी टू-व्हील ड्राइव्ह घ्यायची का फोर-व्हील ड्राइव्ह? ज्यांचा गाड्यांशी संबंध फक्त रिक्षात बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकं दोन्हीला चारच असतात. टू-व्हीलमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. मागची दोन राबतात आणि पुढची दोन नुसती इकडं-तिकडं वळतात. लग्नघरात दोन माणसं पातेली उचलतात आणि बाकीची 'हिकडनं, हिकडनं' म्हणून हात करत फिरतात, तसं. फोर-व्हीलमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक छोटी दांडी असते. ती ओढली की वाट दाखवणाऱ्या त्या दोघांच्या हातातही पातेलं येतं. चिखलात, निसरड्या चढाला मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, तर पुढची दोन गाडीला ओढून काढतात. काम झालं की दांडी परत ढकलायची. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती ओढून ठेवली तर स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात आणि डिझेल जास्त जातं. एवढंच शास्त्र आहे. पण गिऱ्हाईक शास्त्रासाठी येतच नाही, ते शेजाऱ्यासाठी येतं.

कबनूरचे एक यंत्रमागवाले आले होते. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मागावर बसून केल्यासारखं मोठ्यांदा. त्यांना कापडाचे तागे इचलकरंजीला न्यायचे होते, म्हणजे शेजारच्या खोलीत जायचं होतं म्हणा. रस्ता असा सपाट की गोटी सोडली तर कुणीकडं जावं याचा ती विचार करत बसेल. आणि ह्यांना पाहिजे फोर-व्हील. मी विचारलं, तुम्हाला चढ कुठं लागतो? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "कारखान्याच्या दाराला उंबरा हाय की."

चहा पाजल्यावर खरं कारण बाहेर आलं. समोरच्या कारखानदाराच्या गाडीवर मागं फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, मोठ्या अक्षरात '४×४' असं स्टिकर होतं, आणि ते ह्यांना रोज सकाळी दात घासताना दिसत होतं. मी त्यांना टू-व्हीलच दिली. पैसे वाचले म्हणून ते खूश झाले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "ते स्टिकर तेवढं आमच्याबी गाडीला मारा." कंपनी सुटं स्टिकर देत नाही. मी म्हटलं बघतो. मग ते सणासुदीला फोन करायचे. पाडव्याला आधी स्टिकर विचारायचे, मग शुभेच्छा द्यायचे.

अशा लोकांमुळं मी एक सवय लावून घेतली होती. गिऱ्हाइकानं टायरला लाथ मारून घेतली की मी एकच विचारायचो, गाडी रिकामी कुठं चढणार आहे? लोक कायम भरल्या गाडीची काळजी करतात. भरलेली टू-व्हील चढाला बरी चढते, कारण ओझं मागच्या चाकांवर बसतं आणि चाकं जमीन धरतात. रिकामी पिकअप मात्र मागनं हलकी असते. ओल्या चढाला ती मागचा भाग असा हलवते की मागनं येणाऱ्या माणसालाही लाज वाटावी. म्हणून ज्याची गाडी चढ भरलेली चढते आणि रिकामी उतरते, त्यानं टू-व्हील घ्यावी. ज्याची रिकामी चढते आणि भरलेली उतरते, त्यानं फोर-व्हीलचा विचार करावा. हे मी फुकट सांगतोय, कारण आता माझं कमिशन बंद झालंय.

सुलाकाकी आणि तिचे मालक रंगराव शोरूममध्ये आले तेव्हा रंगरावांनी चारही टायरना लाथा मारल्या आणि पाचव्या, स्टेपनीला मारायला वाकून गाडीखाली गेले. सगळी वाडी तिला सुलाकाकी म्हणते म्हणून मीही म्हणतो, नाहीतर वयानं ती माझ्याहून धाकटी आहे. गगनबावड्याच्या पुढं मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेनं वर चढलं की त्यांची वाडी. घरोघरी म्हशी, आणि दूध गोळा करायचं केंद्र सुलाकाकीच्या पडवीत. वाडीतल्या बायका वर्षानुवर्षं दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन तो चढ उतरत होत्या. दूध संघाची गाडी खाली मोठ्या रस्त्यावर थांबायची. आता संघानं सांगितलं होतं की रस्त्यावर गाडी थांबणार नाही. वाडीनं आपली गाडी करायची आणि दूध थेट शीतकेंद्रावर आणून द्यायचं. पावसाळ्यात गाडी चढली नाही तर वाडीचं केंद्र बंद. मग वाडीतल्या म्हशींचं दूध वासरांनी प्यावं नाहीतर मांजरांनी.

मी माझा प्रश्न विचारला. सुलाकाकी म्हणाली, वर जाताना रिकामे कॅन, खाली येताना भरलेले. मी म्हटलं, मग संपलं, फोर-व्हील.

रंगराव गाडीखालून बाहेर आले. त्यांनी जन्मभर कारखान्याचा उसाचा ट्रॅक्टर चालवला होता आणि त्यांच्या मते जगातली सगळी वाहनं ही ट्रॅक्टरची बिघडलेली पोरं होती. ते म्हणाले, "भर पावसात फडातनं दोन ट्रॉल्या ऊस बाहेर काढलाय मी. ट्रॅक्टरला काय फोरव्हील हुती व्हय?" मी सांगितलं की ट्रॅक्टरचं मागचं चाक तुमच्या खांद्याएवढं असतं आणि पिकअपचं तुमच्या गुडघ्याएवढं. ते म्हणाले, चाकाला उंची लागत नाही, चालवणाऱ्याला अक्कल लागते. अर्धा दिवस ही कुस्ती चालली. रंगराव टू-व्हीलचा हात सोडेनात. डिझेल, देखभाल, किंमत, सगळं काढून झालं. शोरूममधली पोरं कामं सोडून ऐकायला आली.

शेवटी सुलाकाकी एवढंच म्हणाली, "डोस्क्यावर कॅन घेऊन तुमी कधी उतरला न्हाईसा."

रंगरावांनी हाताला लागलेली धूळ झटकली. मग म्हणाले, "घे तुला पायजे ती. पण हित तात्यांच्या म्होरं सांगून ठेवतो, त्या दांडीला हात लावायची पाळी येणार न्हाय."

"नको येऊ दे," ती म्हणाली. "असू दे नुसती."

गाडीची पूजा शोरूमच्या दारातच झाली. चाकांखाली लिंबं, पुढं नारळ, बॉनेटला हार. सुलाकाकीनं स्टिअरिंगला हळदीकुंकू लावलं, मग वाकून त्या छोट्या दांडीलाही लावलं. रंगरावांनी ते बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. गप्प बसलेला ट्रॅक्टरवाला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

मग पावसाळा आला. गगनबावड्याला पाऊस पडत नाही, तो तिथं राहायला येतो. त्याच्या नावावर तिथं रेशनकार्ड असेल. आषाढातल्या एका दुपारी मला सुलाकाकीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तात्या, फोरव्हीलला मागं माणसं बसवायला लागत्यात हे आधी का न्हाय सांगितलंसा?"

मी म्हटलं, कसली माणसं? तेव्हा मला सगळं कळलं. गाडी रात्री खाली रस्त्यालाच लावलेली असायची, आणि रोज सकाळी वर यायची ती खालच्या गावातली सात-आठ दांडगी माणसं हौद्यात घेऊनच. रंगरावांनी बायकोला सांगितलं होतं की फोर-व्हीलचं असंच असतं, वजन असल्याशिवाय ती चढ धरत नाही, कंपनीचा नियम आहे. ही मंडळी वर आली की सुलाकाकीच्या पडवीत बसून पोहे खायची, चहा प्यायची. जाताना हौद्यात भरलेले कॅन असायचे म्हणून मंडळींची गरज नसायची, ती पान जमवत निवांत चालत उतरायची. घरात रोज साखरपुडा असल्यासारखा पोह्यांचा घाणा चालला होता. एकानं तर रविवारी शिरा असावा अशी सूचना केली होती. पोह्यांनी मंडळींची वजनं वाढली आणि गाडी आणखी झकास चढायला लागली, असं रंगराव चारचौघांत सांगत होते.

"उद्या संघाचा सायब येणार हाय," सुलाकाकी म्हणाली. "गाडी येळंवर चढती का बघणार, मगच केंद्र ठेवायचं का ठरवणार. आणि आमची गाडी चढती ती दुसऱ्याच्या पोटावर. तुमची फोरव्हील न्या माघारी."

माझ्या नोकरीत मला शिव्या पुष्कळ मिळाल्या, पण गाडी परत न्या असं कुणी म्हणालं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, मेकॅनिक घेऊन जा. मी म्हटलं, मेकॅनिक कशाला, मी नुसता जवळ उभा राहिलो तरी गाडी चढेल. आणि सकाळच्या एसटीनं निघालो.

मोठ्या रस्त्याला उतरलो तर पावसात पिकअप उभी आणि रंगराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. हौद्यात रिकामे कॅन. माणसं एकही नाहीत. झालं होतं असं की आदल्या दिवशी खालच्या गावात आखाडाचं जेवण झालं होतं. श्रावण लागायच्या आधी आमच्याकडं जो तो मटणाची हौस भागवून घेतो. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, आणि पुन्हा तांबडा. रंगरावांचं सगळं वजन आपापल्या घरी आडवं झालं होतं. एकाच्या बायकोनं दारातनंच सांगितलं होतं की ते आता उठतील ते थेट नागपंचमीला.

वर चढाच्या टोकाला एक निळा रेनकोट दिसत होता. तो संघाचा सुपरवायझर. त्याच्या मागं छत्र्या आणि पोत्याच्या खोळी घेतलेल्या बायका कॅन घेऊन उभ्या होत्या.

"चला की," मी म्हटलं आणि बाजूला बसलो. रंगरावांनी गाडी चढावर घातली. चढ म्हणजे तांबड्या मातीचा पाट, वरनं पाणी वाहत होतं आणि खाली माती लोण्यासारखी. गाडी तोऱ्यात अर्ध्यापर्यंत गेली, मग तिनं ढुंगण हलवलं, मागची चाकं भिंगरीसारखी फिरली, आणि गेली तशी मागं घसरत रस्त्यावर परत आली. वरनं निळ्या रेनकोटानं मनगट वर करून घड्याळ बघितलं. ते मला पावसातनं एवढ्या लांबनंही दिसलं, यावर कुणी विश्वास ठेवू नये, पण दिसलं.

"दांडी ओढा," मी म्हटलं आणि शोधायला वाकलो. गिअरच्या दांडीशेजारी एक गाठोडं होतं. वरनं प्लॅस्टिकची पिशवी, आत नवा टॉवेल, त्यावर लाल दोरा गच्च गुंडाळलेला आणि गाठीला लिंबू-मिरची. बोहल्यावर चढायला निघालेली दांडी.

"रंगराव, हे काय?"

"दांडी."

"ती बांधलीया कशाला?"

"ठेवणीतली हाय."

आता यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं. आमच्याकडं चांगली वस्तू आली की ती वापरायची नाही, हीच तिची किंमत. कपबशा शोकेसमध्ये, सोफ्याला प्लॅस्टिक, शालू ट्रंकेत. माझ्याच घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि बटणांवरची पिशवीच झिजून गेलीय. पण पिकअपची दांडी ठेवणीत घातलेली मी पहिल्यांदा बघत होतो. मी विचारलं, मग ती कधी काढायची? ते म्हणाले, अडचण आली की. मी म्हटलं, आणि ही काय आहे? रंगरावांनी काचेतनं चढाकडं नीट बघितलं.

"ह्यो नुस्ता चढ हाय."

मग मी माझी सगळी विद्या बाहेर काढली. म्हटलं, न वापरलेली दांडी आतनं गंजते. हे खरं आहे. म्हटलं, महिन्यातनं एकदा तरी ओढावी लागते, आतलं तेल फिरावं लागतं. हेही खरं आहे. पण खऱ्यानं रंगराव हलेनात, तेव्हा मी सवयीवर गेलो. म्हटलं, गारगोटीकडच्या एका गिऱ्हाइकानं अशीच दांडी बांधून ठेवली होती, तर पावसाळ्यात तिला पालवी फुटली. रंगरावांनी विचारलं, कशाची? मी म्हटलं, शेवग्याची. शेंगा लागल्यावर त्यानं दांडी ओढली तर अख्खं झाड हातात आलं.

"तात्या," रंगराव म्हणाले, "गाडी इकताना तुमी एवढं खोटं बोलला न्हवतासा."

पाऊस टपावर वाजत होता. मग ते खरं बोलले, आणि खरं बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, वायपरकडं बघितलं.

"दांडी ओढली आणि गाडी चढली, तर मग?"

"तर मग काय, चढली."

"तर तिचं खरं झालं की. शोरूमात, तुमच्या म्होरं बोललोय मी. जलमभर ऐकायला लागंल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस गाडी घेतल्यापासनं फोर-व्हील पिकअप टू-व्हील म्हणून चालवत होता. सात-आठ माणसांना पोहे घालत होता, रोज चिखलात उतरून ढकलत होता, सगळं कशासाठी, तर अर्धा दिवस घातलेला वाद हरायला लागू नये म्हणून. तो वाद त्याला इथं, ह्या चढावर, रोज सकाळी नव्यानं जिंकायचा होता. आणि आज तो जिंकायच्या नादात वाडीचं केंद्र जाणार होतं.

वरनं सुलाकाकी उतरत आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पोत्याची खोळ, अनवाणी. त्या लोण्यासारख्या चढावरनं ती अशी आली की जणू खाली पायऱ्या आहेत. इतकी वर्षं कॅन घेऊन उतरलेले पाय ते. तिनं डाव्या बाजूचं दार उघडलं आणि मला सरकायला सांगून आत बसली. मी मधे आलो, आणि गाठोडं माझ्या गुडघ्याला टेकलं. तिनं चाकांच्या खुणा बघितल्या होत्या, रिकामा हौदा बघितला होता. आता तिनं गाठोडं बघितलं. ही बाई दुधात पाणी किती हे कॅनच्या तोंडाशी नुसतं वाकून सांगते. लाल दोरा बघून तिला काय कळायचं ते सगळं कळलं.

"म्हंजे पोहे..." ती म्हणाली, आणि थांबली.

मी डोळे मिटले. कोल्हापूरच्या तालमीत मी मोठमोठ्या जोड्या बघितल्यात, पण त्या केबिनमध्ये दोघांच्या मधे बसायची माझी अजिबात इच्छा नव्हती. रंगराव वायपर बघत होते. वायपर एकदा इकडं गेला, एकदा तिकडं गेला.

"सायब म्हणतोय," सुलाकाकी शांतपणे म्हणाली, "आत्ता गाडी न्हाय आली तर तो निघाला. उद्यापासनं केंद्र बंद. बायका भरलेलं कॅन घेऊन उभ्या हायत."

तिला पुढंही बोलता आलं असतं. तिचा पूर्ण हक्क होता, साक्षीला मी होतो, आणि पोह्यांचा हिशोब तर अजून निघायचाच होता. तिनं खोळ मागं सारली आणि मान खिडकीकडं वळवली.

"पावणं, आमच्याकडचा धबधबा बघितलासा व्हय?"

मला एक क्षण कळलं नाही. मग कळलं, आणि मीही तिच्या खांद्यावरनं डावीकडं बघायला लागलो. समोरच्या डोंगरावरनं खरोखरच पांढरा शुभ्र धबधबा पडत होता.

"लांब-लांबनं माणसं येत्यात बघायला," ती म्हणाली. "निवांत बघा. गाडी चढंल कशी चढायची ती."

उजवीकडं प्लॅस्टिक वाजलं. मग दोऱ्याशी झटापट. रंगरावांनी गाठी अशा मारल्या होत्या की बैल सुटला नसता. गाठ सुटेना. आम्ही धबधबा बघत होतो. तो कुठनं सुटतो, कुठं आपटतो, कुठं त्याचे दोन होतात, सगळं मला पाठ झालं. रंगरावांचा श्वास वाढला. तेव्हा सुलाकाकीनं मान न वळवता हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि माझ्यापुढनं तशीच उजवीकडं धरली. ती पिन तिच्या हातातनं घेतली गेली. मी बघितलं नाही, मी धबधबा बघत होतो.

खट्.

मग गाडी चढली. मी आजवर गाड्यांबद्दल बरंच काही सांगितलं, त्यातलं निम्मं तुम्ही सोडून द्या. पण ही चढली ती पाहुण्याच्या घरी जेवायला निघाल्यासारखी चढली. पुढच्या चाकांनी माती धरली, मागची त्यांच्या मागनं मुकाट आली, आणि अर्ध्या चढावरची ती जागा कधी गेली हे कळलंही नाही. वर पोचताच बायकांनी कॅन चढवायला सुरुवात केली. सुपरवायझर तरुण पोरगा होता, भिजून बेजार झालेला. त्यानं हौद्याच्या फाळक्यावरचं स्टिकर बघितलं आणि म्हणाला, "फोरव्हील हाय म्हणून बरं झालं."

"हाय," रंगराव म्हणाले. "पण लागत न्हाय."

पोरानं सुलाकाकीकडं बघितलं. ती कॅनचं झाकण बसवत होती.

"आमच्या मालकांचा हात बसलाय," ती म्हणाली.

केंद्र राहिलं. पोहे बंद झाले. खालच्या गावातली मंडळी चार-दोन दिवस रस्त्याकडंला वाट बघत उभी राहिली. मग त्यांना रंगरावांनी सांगितलं की आता युक्ती सापडली, वजनाची गरज नाही. मंडळी नाराज झाली. ज्यानं शिऱ्याची सूचना केली होती तो अजून रंगरावांशी बोलत नाही.

पुढं दिवाळीच्या सुमाराला रंगराव सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आले. मला बाजूला बोलावून त्यांनी खिशातनं एक प्लॅस्टिक काढलं. आत फाळक्यावरचं '४×४' स्टिकर होतं. गरम पाणी घालून, नखानं हळूहळू सोडवलेलं, एक कोपराही न फाटलेलं.

"हे तुमचं तुमी ठेवा," ते म्हणाले. "लोकं हे बघून म्हणत्यात, दांडीवर चढती. आपल्याला नको."

मी त्याच दिवशी स्कूटर काढली आणि कबनूर गाठलं. यंत्रमागवाल्यांच्या फाळक्यावर ते स्टिकर मी स्वतः चिकटवलं, वर हात फिरवून बुडबुडे काढले. त्यांनी मला साखर देऊन हार घातला. आणि तेव्हाच समोरचा कारखानदार मला बघून कसानुसा हसला. त्याच्या फाळक्यावर वाकून बघितलं तर त्याचंही स्टिकर बाजारातलं होतं, चार रुपयांचं असेल-नसेल, एका बाजूनं सुटायला लागलेलं. त्याचीही गाडी टू-व्हील. म्हणजे आता कबनुरात दोन गाड्यांना दांडीशिवाय स्टिकर आहे, वाडीत एका गाडीला स्टिकरशिवाय दांडी आहे, आणि सगळे सुखात आहेत. असं समाधान मला माझ्या घरात कुणाला देता आलेलं नाही.

आता नव्या गाड्यांना ती दांडी नसते. एक गोल बटण असतं, रेडिओच्या आवाजासारखं फिरवायचं. दिवा लागतो, काम होतं, आवाज काही होत नाही. गिऱ्हाईकही मोबाईलवर व्हिडिओ बघून येतं, कुठल्यातरी बर्फात चढणारी गाडी बघून ऊस वाहायला फोर-व्हील मागतं. पोरं हातातल्या टॅबवर बोट फिरवून किंमत दाखवतात. गाडी रिकामी कुठं चढणार आहे, हे कुणी विचारत नाही. मी एकदा सहज म्हणून शोरूममध्ये गेलो आणि एका पावण्याला तो प्रश्न विचारला, तर नव्या मॅनेजरनं मला चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला आला.

यंदा मे महिन्यात वाडीला गेलो होतो. सुलाकाकीनं आंब्याचं जेवण ठेवलं होतं. रंगराव मोठ्या रस्त्यावर न्यायला आले. बाजारहाट आटोपून सुलाकाकीही तिथंच थांबली होती. ती खिडकीला बसली आणि मला मधे घेतलं. आदल्या दिवशी वळीव झाला होता आणि चढाची माती वरवर चिकट झाली होती. चढाच्या पायथ्याशी रंगरावांनी गाडी जराशी थांबवली.

सुलाकाकीनं मान खिडकीकडं वळवली.

"पावणं," ती म्हणाली, "धबधबा बघा की."

मी बघितलं. समोर काळा कातळ होता, कोरडा ठणठणीत. एका वळवानं त्याला काय होतंय. त्यावर दोन वानरं ऊन खात बसली होती.

उजवीकडं खट् झालं.

"व्हय," मी म्हटलं. "यंदा पाणी बरं हाय."